चिंता मनात, चाळा तोंडात

नखे कुरतडण्यापासून सुपारी चघळण्यापर्यंतच्या सवयींचा मनाच्या अस्वस्थतेशी काय संबंध आहे, याचा कुंभकोणमच्या पानमळ्यांच्या निमित्ताने घेतलेला वेध

तमिळनाडूतील कुंभकोणमचे नाव घेतले की पुरातन मंदिरे, बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव, डिग्री कॉफी आणि विड्याचे पान या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. तंजावर जिल्ह्यात कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात वसलेल्या या शहराच्या परिसरात पानमळ्यांची परंपरा जुनी आहे. येथील पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पातळ कातरलेली सुपारी, जिला तमिळमध्ये 'सीवल' म्हणतात, तीही या शहराची ओळख आहे.

पान, सुपारी आणि चुना यांचे तबक दक्षिणेत काय किंवा महाराष्ट्रात काय, आदरातिथ्याचे प्रतीक मानले जाते. परंतु हेच तबक जेव्हा अस्वस्थ मनाचा आधार बनते, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. जेवणानंतरचा एक विडा वेगळा आणि मन थाऱ्यावर नाही म्हणून दिवसभर गालात धरून ठेवलेली सुपारी वेगळी. या दोहोंमधील फरक वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. तोंडाची सवय ही पुष्कळदा मनाची तक्रार असते. ती वेळीच ओळखली नाही, तर मनाचे दुखणे कायम राहते आणि शरीराला दुसरे दुखणे जडते.

दोन प्रांत, एक तबक

कुंभकोणम आणि मराठी भाषा यांचे नाते सुमारे साडेतीनशे वर्षांचे आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा करेपर्यंत कावेरीच्या खोऱ्यात अनेक मराठी घराणी स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण म्हणून कीर्ती मिळविलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथे अशाच एका मराठी घराण्यात झाला.

विड्याच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रांतांना एकमेकांकडून काही शिकण्याची गरज नव्हती. तमिळ घरांत विवाह ठरला की तांबूल बदलतात, तर महाराष्ट्रात सुपारी फोडतात. अडकित्ता, चुन्याची डबी आणि कमरेला खोचलेली चंची या वस्तू मराठी खेड्यांतून अजूनही पूर्णपणे नाहीशा झालेल्या नाहीत. पानवेलीला आधार म्हणून कावेरीकाठी जो हदगा लावतात, तोच महाराष्ट्रातील पानमळ्यांतही दिसतो.

विड्यातील पान, सुपारी, चुना आणि तंबाखू हे चारही घटक सारखेच घातक आहेत, असा समज अनेकांचा असतो. वस्तुस्थिती तशी नाही. आजवरच्या संशोधनात कर्करोगाचा ठपका मुख्यतः सुपारी आणि तंबाखूवर आलेला आहे, पानावर नव्हे. चुन्यामुळे सुपारीतील रसायने अधिक परिणामकारक होतात आणि तोंडाच्या आतील त्वचेला इजाही होते. त्यामुळे येथे आक्षेप पानमळ्यावर नाही, तर पानात गुंडाळल्या जाणाऱ्या पदार्थांवर आणि ते खाण्यामागील कारणावर आहे.

अस्वस्थ मन तोंडाकडेच का वळते?

मानवी मेंदूच्या ज्या भागात स्पर्शाच्या संवेदनांची नोंद होते, त्यात ओठ आणि जीभ यांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळालेली आहे. पाठीसारख्या विस्तीर्ण अवयवापेक्षा ओठांसारख्या लहानशा अवयवाची तेथील व्याप्ती अधिक आहे. तोंडाला होणारा लहानसा स्पर्शही मेंदूला ठळकपणे जाणवतो, त्याचे हे कारण आहे.

दुसरे कारण जन्मापूर्वीचे आहे. गर्भाशयातील बाळ अंगठा चोखत असल्याचे सोनोग्राफीच्या चित्रांत दिसून येते. जन्मानंतर चोखण्याच्या क्रियेतून बाळाला दूध मिळते आणि दुधाबरोबर आईची ऊब मिळते. पोट भरलेले असतानाही केवळ चोखण्याने रडणारे बाळ शांत होते, हा प्रत्येक घरातील अनुभव आहे. दिलासा मिळविण्याचा माणसाला ठाऊक असलेला हा बहुधा सर्वांत पहिला मार्ग होय. वय वाढते, परंतु मनाला तो मार्ग विस्मरत नाही.

तिसरे कारण लयीचे आहे. चिंता म्हणजे पुढे काय होईल याची धास्ती. अशा वेळी हृदयाची धडधड वाढते, स्नायू ताणले जातात, तोंडाला कोरड पडते आणि शरीर संकटाला तोंड देण्याच्या पवित्र्यात उभे राहते. प्रत्यक्षात समोर पळण्याजोगे किंवा लढण्याजोगे काहीच नसते. साचलेल्या या ताणाला जबड्याच्या हालचालीतून वाट मिळते. चघळणे, कुरतडणे, चावणे या क्रिया एकसारख्या, लयबद्ध आणि विनासायास घडणाऱ्या आहेत. त्यामुळे लक्ष काही क्षण चिंतेवरून हटते आणि तेवढ्यापुरते बरे वाटते.

सवय जडते ती याच क्षणी. अस्वस्थता आली, तोंड हलले, बरे वाटले, हा क्रम शेकडो वेळा घडला की मेंदू तो पाठ करतो. पुढे तर अस्वस्थतेची जाणीव होण्यापूर्वीच हात तोंडाकडे जातो. नखे कुरतडणाऱ्या व्यक्तीला आपण ती केव्हा कुरतडू लागलो हे सांगता येत नाही, ते यामुळेच.

अंगठा, नखे, ओठ आणि दात

तोंडाच्या सवयींचे अनेक प्रकार आहेत आणि त्या सर्वांचा चिंतेशी असलेला संबंध सारखा नाही. तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलाने अंगठा चोखणे ही स्वाभाविक बाब समजली जाते. बहुतेक मुलांची ही सवय आपोआप सुटते. कायमचे दात येण्याच्या वयातही ती सुटली नाही, तर वरचे दात पुढे येणे, वरच्या आणि खालच्या पुढील दातांत फट राहणे यांसारखे दोष निर्माण होऊ शकतात.

सुटलेली सवय अचानक परत येणे ही मात्र लक्ष देण्याजोगी घटना असते. घरात दुसरे बाळ जन्मणे, गाव बदलणे, आईवडिलांमधील कलह किंवा एखाद्या जवळच्या व्यक्तीचा मृत्यू अशा प्रसंगांनंतर मोठे मूलही पुन्हा अंगठा तोंडात घालू लागते. भूकंप, पूर, आग अशा आपत्तींतून वाचलेल्या बालकांमध्ये अंथरूण ओले करणे, आईला बिलगून राहणे आणि अंगठा चोखणे या लहानपणीच्या वर्तनाकडे परतण्याच्या खुणा दिसू शकतात, हे बालमानसशास्त्राला परिचित आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधील एका शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. या दुर्घटनेने संपूर्ण देश हादरला होता. अशा प्रसंगांनंतर इमारती, परवाने आणि नुकसानभरपाई यांवर चर्चा होते आणि ती आवश्यकही असते. परंतु वाचलेल्या मुलाच्या भीतीला शब्द सापडत नाहीत, ती वागण्यातून बोलते. तोंडात गेलेला अंगठा हा अशा वेळी हट्ट नसून निरोप असतो.

नखे कुरतडण्याची सवय साधारणतः शाळेच्या वयात सुरू होते आणि अनेकांच्या बाबतीत प्रौढपणीही टिकते. परीक्षा, मुलाखत, रुग्णालयातील प्रतीक्षा अशा वेळी ती वाढते. तथापि, नखे कुरतडणारी प्रत्येक व्यक्ती चिंताग्रस्त असते, असा निष्कर्ष काढता येत नाही. कंटाळा, एकाग्रता किंवा काम मनासारखे न झाल्याची चिडचिड हीदेखील या सवयीची कारणे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात ओठ चावणे, त्वचा खरवडणे, केस उपटणे अशा स्वतःच्या शरीरावर वारंवार घडणाऱ्या क्रियांना स्वतंत्र गट देण्यात आला आहे. सवय थांबविण्याचे प्रयत्न वारंवार निष्फळ ठरत असतील आणि तिच्यामुळे लक्षणीय त्रास किंवा इजा होत असेल, तरच तिला विकार म्हटले जाते.

दात खाण्याच्या सवयीचे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. जागेपणी दातांवर दात घट्ट दाबून धरणे हा पहिला प्रकार. त्याचा मानसिक ताणाशी आणि चिंतेशी निकटचा संबंध आढळतो. झोपेत दात खाणे हा दुसरा प्रकार. झोपेत मेंदूला येणाऱ्या क्षणिक जागेशी तो निगडित आहे आणि चिंतेशी असलेले त्याचे नाते तितके सरळ नाही. मुले झोपेत दात खातात ती पोटात जंत झाल्यामुळे, अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. परंतु त्यास भक्कम शास्त्रीय आधार नाही. सकाळी जबडा अवघडणे, कानशिले दुखणे, दातांच्या कडा झिजणे ही या सवयीची लक्षणे आहेत. अतिरिक्त कॉफी, मद्य आणि धूम्रपान यांमुळे झोपेत दात खाण्याचे प्रमाण वाढते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. कॉफीतील कॅफिनमुळे काही व्यक्तींची चिंताही वाढते. त्यामुळे ताणाच्या दिवसांत पेल्यामागून पेले रिचविण्यापूर्वी विचार केलेला बरा.

सुपारीचा दिलासा आणि त्याची किंमत

आतापर्यंत उल्लेख केलेल्या सवयींत तोंडात बाहेरचे काही जात नाही. सुपारीची गोष्ट वेगळी आहे. तेथे चघळण्याच्या लयीला रसायनाची जोड मिळते.

सुपारीत अरेकोलिन हे प्रमुख द्रव्य असते. ते मज्जासंस्थेला उत्तेजना देते. तोंडाला लाळ सुटते, अंगात ऊब जाणवते, घाम येतो आणि तरतरी वाटते. चुन्याच्या संपर्कात अरेकोलिनचे काही प्रमाणात अरेकेडिन या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन मज्जापेशींची धावपळ आवरण्याचे काम करते. पेशींनी ते परत शोषून घेण्याच्या क्रियेला अरेकेडिन अडथळा आणत असल्याचे प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले आहे. सुपारी खाल्ल्यावर एकाच वेळी तरतरी आणि निवांतपणा जाणवतो, असे खाणारे सांगतात. त्याचे स्पष्टीकरण या दुहेरी परिणामात असावे, असे संशोधक मानतात. निकोटिन मेंदूतील ज्या ग्राहकांवर काम करते, त्यांपैकी काहींवर अरेकोलिनही काम करते, असे २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. सुपारी सोडणे इतके अवघड का जाते, याचा उलगडा त्यातून होऊ लागला.

येथेच या सवयीतील फसवणूक आहे. सुपारी किंवा तंबाखूचा अंमल उतरू लागला की बेचैनी, चिडचिड, लक्ष न लागणे, झोप न येणे अशी लक्षणे सुरू होतात. ही लक्षणे चिंतेच्या लक्षणांशी हुबेहूब जुळतात. खाणाऱ्याला वाटते की आपली चिंता पुन्हा डोके वर काढीत आहे. तो पुन्हा चिमूट किंवा खांड तोंडात टाकतो, बेचैनी थांबते आणि आपल्याला आधार मिळाला अशी त्याची खात्री पटते. वास्तविक जी बेचैनी शमली, तिचा बराचसा भाग त्याच पदार्थाने निर्माण केलेला असतो. कर्ज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज घ्यावे, तसा हा व्यवहार आहे.

धूम्रपानाविषयी २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणाने या समजाला छेद दिला. धूम्रपान सोडलेल्या व्यक्तींची चिंता, उदासी आणि ताण हे धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे त्यात आढळले. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे कष्टाचे असतात. त्यानंतर मात्र मन अधिक स्वस्थ होते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा संदेश होता.

तोंड उघडेनासे होते तेव्हा

सुपारीच्या दीर्घकाळच्या सवयीतून जडणारा एक रोग भारतीयांच्या विशेष परिचयाचा आहे. या रोगात तोंडाच्या आतील मऊ त्वचेखाली तंतू साठत जातात. गाल ताठर होतात, तिखट पदार्थ सहन होत नाहीत, आतील त्वचा पांढुरकी दिसू लागते आणि हळूहळू तोंड उघडणे कठीण होते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ या संशोधकाने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा रोग आढळल्याचे नोंदविले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांचे वर्णन करून त्याला त्वचेखालील तंतुमयतेचे नाव दिले. वैद्यकीय ग्रंथांत आजही तो त्याच आशयाच्या नावाने ओळखला जातो.

हा रोग कर्करोगाची पूर्वअवस्था मानला जातो. सवय सोडल्यास तो वाढण्याचे थांबू शकते, परंतु एकदा साठलेले तंतू पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचे १९८० च्या दशकातच म्हटले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिने तंबाखूविरहित विडा आणि सुपारी यांनाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो,' या समाधानाला त्यानंतर आधार उरलेला नाही.

आकडे या प्रश्नाची व्याप्ती स्पष्ट करतात. याच संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय पुरुषांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. त्याच वर्षी धूरविरहित तंबाखू आणि सुपारी यांमुळे जगभरात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २० हजार रुग्ण निर्माण झाले. त्यांपैकी ८३ हजारांहून अधिक एकट्या भारतातील होते, असे या संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले.

देशातील प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात तंबाखूसेवनाचे एकूण प्रमाण २६.६ टक्के, तर तमिळनाडूत २० टक्के होते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि तमिळनाडूने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. बंदीमुळे पुडी दुकानाच्या दर्शनी भागातून हटली तरी तलफ हटत नाही. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून तयार केलेला खर्रा, तर ग्रामीण भागातील अनेक स्त्रियांची मिश्री ही त्याची उदाहरणे आहेत. उन्हातान्हातील कष्ट, अपुरी झोप, कर्जाची काळजी, घरातील घुसमट यांवर मिळणारा सर्वांत स्वस्त उतारा म्हणून ही चिमूट तोंडात जाते. तिच्यामागील चिंतेचा विचार न करता केवळ पुडीवर केलेली कारवाई म्हणूनच अपुरी पडते.

भीतीमुळे होणारा उशीर

चिंता आणि तोंडाचे आरोग्य यांच्यातील संबंध आणखी एका मार्गाने घातक ठरतो. चिंतेमुळे सवय लागते, सवयीमुळे तोंडात चट्टा किंवा व्रण दिसतो आणि तो पाहून चिंता आणखी वाढते. 'डॉक्टर काय सांगतील' या धास्तीने तपासणी पुढे ढकलली जाते. दंतवैद्याच्या खुर्चीची भीतीही अनेकांना असते. मधल्या काळात मन शांत करण्यासाठी पुन्हा त्याच सुपारीचा आधार घेतला जातो. तोंडाचा कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत सापडल्यास बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. भारतात मात्र अनेक रुग्ण रोग बळावल्यानंतरच रुग्णालयात पोहोचतात. वास्तविक तोंड हा शरीराचा असा भाग आहे, जो आरशासमोर उभे राहून कोणालाही पाहता येतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखटाने होणारी असह्य जळजळ, आवाजात किंवा गिळण्यात बदल, ही लक्षणे आढळल्यास विलंब न करता तपासणी करून घ्यावी. स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात सहज जातात की नाही, हे पाहण्याची सोपी पद्धत आहे. ती जात नसतील, तर तोंड उघडण्याची क्षमता कमी झाली आहे असे समजून दंतवैद्यांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

ओरडणे हा उपाय नव्हे

तोंडाच्या सवयींवर घरोघरी केला जाणारा पहिला उपाय म्हणजे ओरडणे. मुलाच्या हातावर फटका मारणे, पाहुण्यांसमोर चिडविणे, बोटांना कडू औषध किंवा तिखट लावणे हे प्रकार सर्रास आढळतात. सवयीचे मूळ अस्वस्थतेत असेल, तर अपमानाने अस्वस्थता वाढते आणि वाढलेल्या अस्वस्थतेने सवय अधिक घट्ट होते. मूल फार तर ती लपून करू लागते.

याउलट, १९७३ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अझ्रिन आणि नन यांनी मांडलेली सवयपालटाची पद्धत नखे कुरतडण्यासारख्या सवयींवर उपयुक्त ठरली आहे. तिची पहिली पायरी जाणीव ही आहे. हात केव्हा, कोठे आणि कोणत्या विचाराबरोबर तोंडाकडे जातो, याची काही दिवस नोंद ठेवायची. दुसऱ्या पायरीत त्या क्षणी करता येण्याजोगी पर्यायी क्रिया निवडायची. मूठ मिटून मिनिटभर धरणे, हातात चेंडू किंवा मणी घेणे यांसारख्या क्रिया त्यासाठी चालतात. जो हात मुठीत आहे, तो त्या क्षणी तोंडात जाऊ शकत नाही, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. घरातील एखाद्या व्यक्तीने चुका न मोजता यशाची दखल घेणे ही तिसरी पायरी होय.

जागेपणी दात दाबून धरणाऱ्यांनी दिवसातून अनेकदा स्वतःच्या जबड्याकडे लक्ष द्यावे. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहे. झोपेत दात खाणाऱ्यांना दंतवैद्य रात्री लावण्याचे आवरण देतात. त्यामुळे दातांची झीज थांबते, मात्र मूळ कारण दूर होईलच असे नाही.

सुपारी आणि तंबाखूच्या बाबतीत केवळ निर्धार बहुधा पुरत नाही. सोडण्याचा दिवस ठरविणे, तलफ येण्याच्या वेळा ओळखणे आणि त्या वेळांसाठी बडीशेप, लवंग, पाणी किंवा थोडे चालणे असा पर्याय तयार ठेवणे उपयोगी ठरते. तलफेची लाट सामान्यतः काही मिनिटांत ओसरते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

यापलीकडे, चिंतेवर स्वतंत्र उपचार होऊ शकतात, ही गोष्ट पुरेशा लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये तमिळनाडूसह बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. चिंता आणि ताण यांच्याशी संबंधित विकारांचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे साडेतीन टक्के असल्याचे त्यात आढळले. अशा सर्वसामान्य मानसिक विकारांच्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणाने दाखवून दिले. विचारांना वळण लावणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती, शिथिलीकरण, नियमित व्यायाम आणि आवश्यकतेनुसार औषधे यांनी चिंता आटोक्यात येते. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी आणि तमिळसह अनेक भाषांतून निःशुल्क सल्ला मिळतो.

दंतवैद्य आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची दारे आपल्याकडे वेगवेगळ्या इमारतींत असतात. रुग्ण मात्र एकच असतो. झिजलेले दात, कुरतडलेली नखे किंवा ताठरलेला गाल पाहणाऱ्या डॉक्टरांनी 'अलीकडे झोप कशी लागते, कसली काळजी आहे का,' एवढे विचारले, तरी उपचाराची दिशा बदलू शकते. घरातही हाच प्रश्न अंगठा चोखणाऱ्या मुलाला, रात्री दात खाणाऱ्या तरुणाला आणि चंची जवळ बाळगणाऱ्या आजोबांना विचारता येण्याजोगा आहे. 'तोंडातले काढ' असे सांगण्यापूर्वी 'मनात काय आहे' हे विचारले, तर सवय सुटण्याची शक्यता वाढते आणि सांगणाऱ्यालाही ऐकणारा मिळतो.